सांगाड्यात काय नाही, ते आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांतून 'मुलांना कुठे न्याल' अशा याद्या येतात. मोठ्या शहरातल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचं नाव त्यात हमखास असतं. उघडण्याची वेळ, बंद असण्याचा वार, जायचं कसं, सगळं असतं. आत गेल्यावर करायचं काय, याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. परिणाम कुठल्याही रविवारी बघायला मिळतो. पहिल्या दालनात मुलं धावतात, तिसऱ्यात रेंगाळतात, पाचव्यात भिंतीला टेकून खाली बसतात आणि आईबाप 'अजून वरचा मजला राहिलाय' म्हणत त्यांना उठवत असतात. शाळेची सहल असेल तर प्रत्येकाच्या हातात प्रश्नांचा कागद असतो. मुलं काचेला पाठ लावून, वहीवर वही ठेवून, पाटीवरचा मजकूर उतरवून घेतात. समोरचा गेंडा कुणी बघितलेलाच नसतो.

मुलांना ही संग्रहालयं हिंडवून दाखवण्याचं काम आम्ही करतो, म्हणून हे पत्र. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की एका खेपेला एकच प्रश्न घेऊन जावं आणि तो तीन-चार सांगाड्यांपुढे विचारावा. बाकीचं राहिलं तर राहू द्यावं. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आठ कोटी नमुने आहेत आणि त्यांतला अगदी थोडा भाग दालनांत मांडलेला असतो. 'सगळं बघून झालं' हे तिथे काम करणाऱ्यांनाही म्हणता येत नाही. तेव्हा सहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा नको.

प्रश्न कसा असावा? ज्याचं उत्तर पाटीवर नसतं आणि शरीराकडे बघूनच सापडतं, असा. 'हा कोणता प्राणी?' हा प्रश्न वाया जातो. मूल पाटी वाचतं, नाव सांगतं आणि पुढे पळतं. त्याऐवजी 'ह्याच्या सांगाड्यात काय नाहीये?' असं विचारून पाहा. हत्तीच्या सांगाड्याला सोंड नसते, कारण सोंडेत हाडच नाही, नुसत्या स्नायूंच्या हजारो जुड्या आहेत. कवटीच्या मधोमध जे मोठं भोक दिसतं ते नाकाचं. लहान मुलं त्याला बेधडक डोळा म्हणतात. म्हणू द्यावं आणि मग खरे डोळे कुठे ते शोधायला लावावं. ते बाजूला, खाली, बरेच लहान सापडतात. गेंड्याच्या कवटीवर शिंग नसेल तर नाकाच्या हाडावर खडबडीत उंचवटा दिसतो. शिंग तिथे बसलेलं असतं. ते हाडाचं नसून नखं-केस ज्याचे बनतात त्याच केराटिनचं असतं. उंटाचा कणा बघा, मदारीसाठी त्यात काहीही सोय नाही. मदार म्हणजे चरबी. शार्कचा तर बहुतेक ठिकाणी नुसता जबडाच टांगलेला असतो. उरलेला सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाचा वरचा भाग ज्याचा असतो त्या लवचिक पदार्थाचा. तो टिकत नाही, म्हणून जीवाश्मांत शार्कचे दातच जास्त सापडतात. मेगॅलोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा जो प्रचंड जबडा फोटोसाठी ठेवलेला असतो, तो सापडलेल्या दातांवरून अंदाजाने बांधलेला असतो, हेही मुलांना सांगून टाकावं.

मग देवमाशाखाली यावं. लंडनच्या मुख्य दालनात २०१७पासून निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा टांगलेला आहे. हा मादी देवमासा १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर येऊन अडकला होता. असा सांगाडा जिथे असेल तिथे मुलांना शेपटाकडून तोंडाकडे चालवत न्या. शेपटाचे मणके लहान लहान होत संपतात, आणि पुढे जे रुंद पंख्यासारखं शेपूट असतं ते गायब असतं. त्यात हाड नाही. तिथून थोडं पुढे, कण्याच्या खाली, दोन छोटी हाडं तारेने वेगळी लटकवलेली सापडतात. ती कण्याला कुठेच जोडलेली नसतात. मोठ्यांच्याही नजरेतून ती सुटतात. ही कमरेची हाडं. देवमाशाचे पूर्वज चार पायांवर चालत, त्याची ही उरलीसुरली खूण. पुढच्या परांपाशी थांबून हाडं मोजायला सांगा. दंडाचं एक आखूड हाड, मग दोन, मग मनगट, मग बोटं. बोटं चार आहेत आणि प्रत्येकात पेरं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आता स्वतःचा हात वर धरायला सांगा. एक, दोन, बरीच लहान, मग बोटं. वटवाघळाची काचपेटी जवळपास असली तर लगेच तिकडे न्या, कारण तिथे तोच क्रम पंखात ताणलेला दिसतो. हे एवढं झालं की एका खेपेचं काम झालं, असं आम्ही समजतो.

दुसऱ्या खेपेला टाच शोधावी. हा खेळ आमच्या मते सगळ्यांत चांगला, कारण त्याला मोठी माणसंही फसतात. घोड्याच्या सांगाड्यासमोर उभं राहून विचारा, 'मागच्या पायाचा गुडघा दाखव.' दहांतली नऊ मुलं पायाच्या मध्यावर मागे वाकलेला सांधा दाखवतात आणि 'उलटा वाकतो' म्हणतात. आता कमरेपासून खाली या. कमरेच्या हाडातून निघणारं जाड हाड मांडीचं. ते जिथे संपतं तिथे पुढच्या बाजूला वाटी दिसते, पोटाच्या जवळ, अंगाला चिकटून. गुडघा तो. तिथून नडगी खाली आणि मागे जाते, आणि जिथे ती संपते तिथे एक हाड मागे टोकासारखं बाहेर आलेलं असतं. ती टाच. तिच्या खालचं लांब हाड आपल्या पावलात असतं तेच, फक्त एकच उरलेलं, आणि सगळ्यांत खाली मधलं बोट. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या नखावर उभा असतो. त्या लांब हाडाच्या दोन्ही बाजूंना बारीक काड्यांसारखी दोन हाडं चिकटलेली असतात, ती शेजारच्या बोटांची शिल्लक. बारकाईने पाहणाऱ्या मुलाला ती दिसतात आणि ते मूल मग पुढचा अर्धा तास कुणाला सोडत नाही.

हे स्वतःच्या अंगावर करून घेतल्याशिवाय पक्कं होत नाही. मुलांना चवड्यांवर उभं करा, टाच उचललेली, गुडघा किंचित वाकवलेला. कुत्रा, मांजर, वाघ असे चालतात. पूर्ण पाऊल टेकवलं की अस्वल. अगदी नखांच्या टोकावर उभं राहता आलं असतं तर घोडा, गाय, हरीण. हत्तीचा पाय बाहेरून खांबासारखा सपाट दिसतो, पण सांगाड्यात टाच उचललेली असते. तिच्याखाली चरबी आणि तंतूंची जाड गादी असते, ती सांगाड्यात अर्थातच नाही. म्हणजे पहिल्या खेपेचा प्रश्न इथे परत कामाला येतो.

मानेसाठीही असंच करता येतं. जिराफाच्या मानेत मणके किती, यावर मुलांकडून पैज लावून घ्या. वीस, तीस, पन्नास अशी उत्तरं येतात. मोजल्यावर सात निघतात. आपल्याही मानेत सातच. मान खाली वाकवून मानेच्या तळाशी बोट फिरवलं की जो टेंगळासारखा मणका लागतो, तो बहुतेकांचा सातवा. स्लॉथ (झाडाला लटकणारा संथ प्राणी) आणि मॅनेटी (पाण्यात राहणारी 'समुद्रगाय') हे अपवाद सोडले तर सस्तन प्राण्यांत हा आकडा बदलत नाही. जिराफाचा एकेक मणका फक्त वीतभर लांब झालेला आहे. मोजताना एक चूक होते. मुलं कवटीच्या बुडापासून मोजायला लागतात आणि बरगड्या सुरू झाल्या तरी थांबत नाहीत. 'जिथे बरगडी जोडलेली दिसेल तिथे थांब' एवढं आधी सांगावं.

दातांचं थोडक्यात सांगतो. सुळे आणि कात्रीसारख्या दाढा म्हणजे मांस. पुढचे दात, मग मोकळी जागा, मग सपाट दाढा म्हणजे गवत-पाला. बीव्हरची कवटी दिसली तर पुढचे दात नारिंगी आहेत हे दाखवा. रंगवलेले नाहीत, त्यांच्या लुकणात, म्हणजे दातावरच्या कडक थरात, लोह असतं.

आता डायनोसॉर. मुलं त्यासाठीच आलेली असतात, आणि सात वर्षांखालच्यांच्या बाबतीत हे नाकारण्यात अर्थ नाही. दार उघडल्या उघडल्या आधी तिथेच जावं. 'आधी बाकीचं, मग डायनोसॉर' असं केलं तर प्रत्येक दालनात 'डायनोसॉर कुठेय' हेच ऐकावं लागतं आणि पोहोचेपर्यंत मूल दमलेलं, दालन भरलेलं. आठ-नऊच्या पुढच्या मुलांचं उलटं करावं. गर्दी आधी डायनोसॉरकडे वळते, तेव्हा वरच्या मजल्यावरची खनिजं, पक्षी, कीटक ही दालनं पहिला तासभर रिकामी असतात. ती आधी पाहून घ्यावीत.

डायनोसॉरच्या दालनात पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'हे खरं आहे का?' उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देऊ नये, शोधायला लावावं. सांगाडा पेलणारी लोखंडी चौकट कुठे आहे ते बघा. खऱ्या जीवाश्माला आता सहसा भोक पाडत नाहीत. प्रत्येक हाडाखाली बाहेरून पोलादी पंजा किंवा कड असते आणि ती दिसते. साच्यातून काढलेली प्रतिकृती हलकी असते, तिचा दांडा आतून घालता येतो, म्हणून ती स्वच्छ आणि तरंगल्यासारखी दिसते. रंगही बघा. खऱ्या हाडांत छटा असतात, भेगा भरलेल्या दिसतात, एखादं हाड शेजारच्यापेक्षा काळपट असतं. प्लास्टर किंवा राळेचं सगळं एकाच रंगाचं. बऱ्याचदा एकाच सांगाड्यात दोन्ही असतं. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली 'सू' या टी. रेक्सची (टायरॅनोसॉरस रेक्स या मोठ्या मांसाहारी डायनोसॉरची) हाडं आकारमानाने सुमारे ९० टक्के सापडलेली आहेत. पण तिची खरी कवटी पावणेतीनशे किलोंच्या आसपास भरते, म्हणून ती वेगळ्या पेटीत ठेवली आहे आणि सांगाड्यावर हलकी प्रतिकृती बसवली आहे. बर्लिनमधला जिराफाटायटन हा लांब मानेचा डायनोसॉर १३.२७ मीटर उंच आहे. त्याची पायांची हाडं खरी आहेत, पण मानेचे आणि पाठीचे मणके वजनामुळे प्रतिकृतीचे आहेत. प्रतिकृती म्हणजे फसवणूक, अशी समजूत मुलांची होऊ देऊ नये. ती बहुतेकदा खऱ्या हाडाच्या साच्यातूनच काढलेली असते, मापात फारसा फरक नसतो.

टी. रेक्स उभा कसा आहे, हेही बघावं. न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात १९१५ साली तो ताठ उभा, शेपूट जमिनीवर टेकवलेला असा मांडला होता. १९९०च्या दशकात त्याची मांडणी बदलली: कणा आडवा, शेपूट हवेत, डोक्याचा तोल सांभाळणारी. जुनी खेळणी, जुनी भित्तिचित्रं अजून पहिल्याच पद्धतीची असतात. मुलाच्या दप्तरावरचा डायनोसॉर आणि समोरचा यांत काय फरक आहे, हा प्रश्न फुकटात मिळतो. विज्ञानात चुका होतात आणि दुरुस्तही होतात, हे दाखवायला इग्वानोडॉन हा पालाखाऊ डायनोसॉरही चांगला. त्याचा अंगठ्याचा काटा सुरुवातीला नाकावरचं शिंग समजून लावला होता. १८७८मध्ये बेल्जियममधल्या खाणीत सलग सांगाडे सापडल्यावर ते शिंग हातावर आलं.

त्या दालनात असलेलं सगळंच डायनोसॉर नसतं. उडणारे टेरोसॉर नाहीत, समुद्रातले इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर नाहीत, आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर डायनोसॉरांच्या कितीतरी आधी होऊन गेला. तो सस्तनांच्या बाजूचा. उलट पक्ष्यांचं दालन हे डायनोसॉरांचंच पुढचं दालन. कोंबडीच्या छातीत असतं ते इंग्रजी व्ही-च्या आकाराचं हाड टी. रेक्सलाही होतं. म्हणून डायनोसॉरनंतर थकवा आला नसेल तर पक्ष्यांकडे जावं, सस्तनांकडे नको.

काळाचं गणित मुलांच्या डोक्यात शिरत नाही, अशी तक्रार शिक्षक करतात. मराठीत मोजण्याचा फायदा इथे होतो. लांब दालन किंवा बाहेरचं आवार शोधा आणि एक पाऊल म्हणजे एक कोटी वर्षं धरा. भिंतीला पाठ लावून 'आज'पासून चालायला लागा. सातव्या पावलाच्या जरा आधी टी. रेक्स संपतो. पंधराव्याला पाठीवर तकट्यांची रांग असलेला स्टेगोसॉरस. तेविसाव्याच्या आसपास पहिले डायनोसॉर. बावन्नाव्याला पहिले ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रातले कवचधारी, किड्यांसारखे प्राणी. पृथ्वीच्या जन्मासाठी ४५४ पावलं चालावी लागतील, म्हणजे इमारतीबाहेर. आपली माणसाची जात सुमारे तीन लाख वर्षांची. ती भिंतीपासून बोटभर रुंदीतच मावते. इथे थांबून एकच विचारावं: टी. रेक्स कुणाच्या जास्त जवळ, स्टेगोसॉरसच्या की आपल्या? पावलं मोजून मुलं स्वतः सांगतात, आपल्या. चित्रांत त्या दोघांची मारामारी पाहिलेल्या मुलांना हे पटायला वेळ लागतो.

पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात नियम कडक ठेवावेत, आणि कारणासकट. 'हात लावू नको' म्हटलं की हात जातोच. जुन्या काळी कातडी किडीपासून वाचवायला आर्सेनिकचा साबण आतून चोळत; ही पद्धत विसाव्या शतकातही बराच काळ चालली. म्हणून उघड्यावर ठेवलेल्या जुन्या प्राण्याला हात लावायचा नाही. हात लावण्यासाठी ठेवलेलं वेगळं टेबल असतं, तिथे हवं तेवढं चाचपावं आणि नंतर हात धुवावेत. दालनात खायचं नाही, त्यालाही कारण आहे. सांडलेल्या कणांवर कीटक येतात आणि त्यांतले काही लोकर, पिसं, कातडं खातात. एक बारीक ठिपकेदार किडा तर 'म्युझियम बीटल' याच नावाने ओळखला जातो. गंमत अशी, की त्याच्याच नात्यातले डर्मेस्टिड किडे पडद्याआड मुद्दाम पाळतात. हाडांवरचं मांस ते जितकं स्वच्छ खातात तितकं सुरीने निघत नाही. हे ऐकून मुलं खाऊचा डबा आपणहून बंद करतात. अंधार का, हा प्रश्नही येतो. पिसं, केस, फुलपाखरांचे पंख उजेडाने विटतात, म्हणून त्यांच्यावरचा प्रकाश सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे अगदी मंद ठेवतात. आत शिरल्यावर दोन मिनिटं डोळे सरावू द्यावेत, लगेच मोबाइलचा टॉर्च लावू नये.

काचेमागच्या देखाव्यांपुढे, म्हणजे प्राणी, झाडं आणि मागे रंगवलेलं आकाश असतं तिथे, मुलांना 'खरी जमीन कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं' ते शोधायला लावा. न्यूयॉर्कमधल्या आफ्रिकन सस्तनांच्या दालनात असे २८ देखावे आहेत. तिथे काच किंचित कललेली बसवली आहे, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. मागची भिंत गोलाकार असते, कोपरा दिसू नये म्हणून. फोटो काढायचाच तर फ्लॅश बंद करून मोबाइल काचेला टेकवावा. हातभर लांबून काढला तर त्यात वाघापेक्षा काढणाराच ठळक येतो.

'हे मेलेत का?' आणि 'कुणी मारले?' हे प्रश्न इथेच येतात. टाळू नयेत. शंभर वर्षांपूर्वीचे पुष्कळसे प्राणी शिकार करून आणलेले आहेत, आणि तसं सांगावं. अलीकडचे बहुधा प्राणिसंग्रहालयात मेलेले किंवा अपघातात सापडलेले असतात. आत काय आहे? खरी कातडी, काचेचे डोळे, आणि मधे साच्यावर घडवलेलं शरीर. हाडं बहुधा वेगळी काढून ठेवलेली. खरं उत्तर मिळालं की मुलं शांत होतात. घाबरतात ती हलणाऱ्या, गुरगुरणाऱ्या यांत्रिक डायनोसॉरला, तेही अंधारात वळण घेतल्यावर अचानक समोर आला तर. नकाशात तो कुठे आहे ते आधी बघून 'पुढे एक यंत्राचा डायनोसॉर आहे, आवाज करतो, जागचा हलत नाही' एवढं सांगितलं तरी पुरतं. पाच वर्षांखालच्याला तरीही नको असेल तर दुसऱ्या वाटेने जावं.

वेळेचं बोलायचं तर, पाच-सहा वर्षांच्या मुलांना सव्वा तास, आठ ते दहाच्या मुलांना दोन तास. त्यापुढे ती बघत नाहीत, नुसती चालतात. दगडी फरशीवर थांबत थांबत चालणं रस्त्यावर चालण्यापेक्षा जास्त दमवतं, म्हणून दर वीस मिनिटांनी कुठेतरी बसायचंच, मूल मागो न मागो. स्वच्छतागृह दिसलं की जाऊन घ्यावं. मोठ्या इमारतीत पुढचं बहुधा दोन दालनं आणि एक जिना पलीकडे असतं. बॅगा, जाडजूड कपडे सामानघरात ठेवावेत. बाबागाडी असेल तर लिफ्ट कुठे ते आधी पाहावं, नाहीतर अर्धा वेळ जिन्यांपाशी जातो. निघण्याआधी त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढून ठेवावा. भेटायची जागा 'देवमाशाखाली' अशी ठरवू नये, देवमासा पंचवीस मीटर लांब असतो. 'त्याच्या डोक्याखाली' म्हणावं. चुकलं तर मुलाने हिंडायचं नाही, उभं राहायचं आणि ओळखपत्र लावलेल्या माणसाला सांगायचं, हे दारातच दोनदा म्हणवून घ्यावं.

शाळांना एक विनंती. काचपेटीची दर्शनी बाजू साधारण दीड मीटर असते. तिच्यापुढे चार-पाच मुलं नीट उभी राहतात. तीस मुलं एकदम नेली की मागच्या पंचवीस जणांना पुढच्यांच्या पाठी दिसतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मुलं वात्रट असतात म्हणून नव्हे. पाच-पाचचे गट करावेत, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस द्यावं आणि गट वेगवेगळ्या दालनांतून सुरू करावेत. गटाबरोबरच्या पालकाला आदल्या दिवशी तो एक प्रश्न आणि त्याचं उत्तर सांगून ठेवावं, नाहीतर तोही पाटीच वाचून दाखवतो.

आणि तो प्रश्नांचा कागद. रद्द करा असं म्हणत नाही, कारण हातात काहीतरी असलं की मुलं स्थिर होतात. पण तीसऐवजी तीनच प्रश्न ठेवा. घोड्याची टाच जमिनीपासून अंदाजे किती उंच आहे? या दालनात डोळे समोर असलेले प्राणी कोणते आणि बाजूला असलेले कोणते, आणि त्यांतले शिकार करणारे कोण? सांगाड्यावरून समजलं नसतं असं काय, ते एका प्राण्याबद्दल लिही. तिन्हींची उत्तरं पाटीवर नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याचं बघूनही फारसा उपयोग होत नाही. कागदाची मागची बाजू कोरी ठेवा आणि तिथे एकाच पायाचं किंवा एकाच कवटीचं चित्र काढायला सांगा, अख्ख्या प्राण्याचं नको. अख्खा प्राणी काढायला घेतला की मुलं पाठ झालेला हत्ती काढतात. दहा मिनिटं द्या, सोबत जाड पुठ्ठा द्या, आणि शिसपेन्सिलच द्या. शाईचं पेन बऱ्याच दालनांत चालत नाही. रबर देऊ नका. खोडाखोडीत वेळ जातो आणि पहिली चुकलेली रेघ बघून मूल पुन्हा सांगाड्याकडे मान वर करतं, ते होत नाही.

आपल्या वृत्तपत्राने पुढच्या सुट्टीच्या यादीत संग्रहालयाच्या वेळेखाली असे दोन-तीन प्रश्न छापले, तर कात्रण घेऊन येणारी मुलं आम्हाला दारातच ओळखू येतील.

आपले,
संग्रहालयात मुलांना माहिती देणारे काही मार्गदर्शक